दिवाणखान्यात बसलेले बाबा : फायबरचे पुतळे आणि आपली घरं

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातलं बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन असेल, हातात भांडी असतील किंवा बसमध्ये उभे असाल, जिथे असाल तिथून ऐका. मागे कंप्रेसरचा आवाज आला तर समजून घ्या. हा भाग मी वर्कशॉपमध्येच रेकॉर्ड करतोय. दुपारची सुट्टी आहे, पण आमच्याकडे एक मामा आहेत, त्यांना सुट्टी मानवत नाही.

मी कोल्हापूरचा. मूर्तिकाम शिकलो आणि गेली काही वर्षं फायबरचे पुतळे करतो. फायबर म्हणजे फायबरग्लास, पण ते पूर्ण नाव आमच्यात कोणी घेत नाही. चौकातले, घोड्यावरचे मोठे पुतळे नाहीत, ते करणारे मोठे लोक वेगळे. मी करतो ते घरात, हॉटेलात, ऑफिसच्या रिसेप्शनला ठेवायचे. बुद्धाचं डोकं, घागर घेतलेली बाई, सारंगी वाजवणारा पगडीवाला. चेहरा नसलेलं एक कुटुंबही असतं, आई-बाबा-बाळ एकमेकांत वितळल्यासारखे. बघितलं असेल तुम्ही. प्रत्येक सँपल फ्लॅटमध्ये ते असतंच.

आज बोलायचंय ते एका पुतळ्याबद्दल. तो माझ्या पोटमाळ्यावर आहे आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाहीये. पण त्याआधी ही वस्तू नेमकी काय असते ते सांगतो, नाहीतर माझी अडचण कळणार नाही.

फायबरग्लासचा शोध तसा चुकून लागला. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण संशोधक काचेच्या दोन पोकळ विटा एकमेकींना जोडायचा प्रयत्न करत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि काचेचे तंतू उडाले, केसांसारखे. तिथून उष्णता अडवायचं सामान आलं. पुढे त्यात रेझिन मिसळून होड्या, गाड्यांचे भाग, पाण्याच्या टाक्या आल्या. आणि मग आम्ही आलो.

आमचं काम असं चालतं. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती. पूर्ण माणूस मातीत घडवायचा. कपड्याची चुणी, कानाची पाळी, सगळं. या वेळेपर्यंत काहीही बदलता येतं. नाक मोठं झालं? काढा, परत लावा. मग त्यावर प्लास्टरचा साचा, तुकड्यातुकड्यांत. साचा सुटला की आतली माती खरवडून काढायची, म्हणजे तुम्ही महिनाभर घडवलेला माणूस तिथं संपला. उरतो तो साचा, उलटा. त्याला आतून चपडा मारायचा, वॅक्स लावायचं. मग जेलकोट, त्यावर काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. ब्रशनं दाबत दाबत, हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. दोन थर, तीन थर. जाडी किती? चार मिलिमीटर म्हणजे चांगला पुतळा.

रेझिन आपोआप घट्ट होत नाही. आधी त्यात कोबाल्ट घालतात, नीट ढवळतात आणि मग हार्डनर, शेकडा एक-दोन भाग. हे दोन्ही थेट एकमेकांत ओतले तर भडका उडू शकतो. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला हे तीनदा सांगतो. मे महिन्यात डबा हातात धरेपर्यंत रेझिन तापून दगड होतं. जुलैत उलट, हवेत ओल असते आणि पृष्ठभाग चिकटच राहतो. आमच्या धंद्याला दोन्ही ऋतू वाईटच.

सुकलं की साच्यातून काढायचं, भाग जोडायचे, पुट्टी, घासकाम, रंग. हाच पुतळा काशाचा केला तर चार माणसं लागतील उचलायला. फायबरचा माणूस मी आणि मामा जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर नेतो, मध्ये एकदा दम खातो, बस. फायबर फ्लॅटमध्ये शिरलं याचं खरं कारण हे वजन. कलेबिलेचा त्यात फार संबंध नाही. आणि रंग कुठलाही बसतो. तुमच्या हॉटेलातला तो 'काशाचा' बुद्ध, त्याला एकदा नखानं टकटक करून बघा. पोकळ आवाज येईल.

आता जरा धंद्याच्या विरोधात बोलतो. घागर घेतलेली बाई मी किती केल्या असतील, मोजल्या नाहीत. ज्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी आहे, आरओ आहे, तिथं कोपऱ्यात एक बाई कायम पाणी भरतेय. कंबर एवढीशी, मान झुकलेली. हायवेच्या धाब्यावर भाकरी थापणारी मावशी असते, ती तरी जरा माणसासारखी दिसते. मी एकदा एका गिऱ्हाइकाला म्हटलं, हिला बसवूया का, दमली असेल. ते हसले. म्हणाले, बसली की शोभा जाते.

या प्रश्नावरून जगात मोठी भांडणं झालेली आहेत. १९६९ साली ॲलन जोन्स या इंग्रज चित्रकारानं तीन पुतळे केले. तीन बाया, फायबरग्लासच्या. एक कोट अडकवायचा स्टँड, एक टेबल, एक खुर्ची. टेबल म्हणजे ती हातापायांवर ओणवी आणि पाठीवर काच. खुर्ची म्हणजे ती पाठीवर पडलेली आणि पाय दुमडून छातीशी, त्यावर गादी. काहींना ते धाडसी वाटलं, अनेक बायकांना संतापजनक वाटलं. १९८६ च्या महिला दिनाला लंडनच्या टेट गॅलरीत त्यातल्या खुर्चीवर कोणीतरी रंग काढायचं द्रावण फेकलं. आणि यातला एक संच एका जर्मन धनाढ्याकडे, गुंटर साक्सकडे होता. तो गेल्यावर २०१२ साली लंडनमध्ये लिलाव झाला, तेव्हा त्या तिघींना वीस लाख पौंडांच्या वर किंमत आली. मला स्वतःला ते काम आवडत नाही. पण मी घागरवाली विकतो, तेव्हा ॲलन जोन्सला नाव ठेवायला माझं तोंड उघडत नाही, हेही खरं.

दुसऱ्या बाजूला रविंदर रेड्डी. १९५६ चा जन्म, बडोद्याला शिकले, विशाखापट्टणमला काम केलं. त्यांची फायबरग्लासची बायकांची डोकी बघा, फोनवर शोधा आत्ता. माणसापेक्षा मोठी, सोनेरी, अंबाड्यात फुलं आणि डोळे टक्क उघडे. ती बाई खाली बघत नाही. ती तुमच्याकडे बघते आणि तुम्हीच जरा सरळ उभे राहता. साहित्य तेच, जे माझ्या डब्यात आहे. तेच रेझिन, तीच मॅट.

आणि तिसरे ड्यूएन हॅन्सन, अमेरिकेतले. त्यांनी जिवंत माणसांच्या अंगावरून साचे काढले, फायबरग्लासमध्ये ओतले, वर खरे कपडे, खरी पिशवी, खरा चष्मा. १९७० चं त्यांचं 'टूरिस्ट्स' नावाचं काम आहे. एक म्हातारं जोडपं, गळ्यात कॅमेरा, फुलाफुलांचा शर्ट, वर कुठेतरी बघतंय. देव नाही, राजा नाही, सुंदरही नाही. साधी दमलेली माणसं. कॉलेजात मी ते पहिल्यांदा फोटोत पाहिलं आणि ठरवलं, करायचं तर हे.

म्हणून ते फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

फोन इचलकरंजीहून होता. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास. मी त्यांना दादाच म्हणतो, इथंही तेच म्हणेन. नवीन फ्लॅट घेतला होता, इंटिरियरचं काम सुरू होतं. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं, आणि स्वतःचं घर झालं तेव्हा बाबा नाहीत. दादांना बाबा त्या घरात हवे होते. फोटो नको, पूर्ण पुतळा, त्यांच्या जुन्या लाकडी खुर्चीत बसलेला, दिवाणखान्यात.

ही कल्पना दादांच्या डोक्यात आपोआप आलेली नव्हती. २०२० साली कर्नाटकात कोप्पळला एका गृहस्थांनी वास्तुशांतीला अपघातात गेलेल्या पत्नीचा पुतळा सोफ्यावर बसवला होता, ते फोटो सगळीकडे फिरले होते. पुढच्या वर्षी आपल्या सांगलीतही एका मुलानं वडिलांचा तसा पुतळा केला. ते सिलिकॉनचे, खऱ्या कातडीसारखे दिसणारे. त्याचा खर्च बराच असतो. दादांना मी फायबरमध्ये जमेल म्हणून सांगितलं.

त्यांनी अकरा फोटो दिले. एक ओळखपत्राचा, चार लग्नांतले, बाकी मोबाईलवरचे. चेहरा जमला. खरंच सांगतो, चेहरा चांगला जमला. खाकी शर्ट, खिशाला पेन. दादा माती बघायला आले, बघून बाहेर गेले, दहा मिनिटांनी डोळे पुसत परत आले. म्हणाले, करून टाका.

इथं माझी चूक झाली. मी विचारलं नाही, "आईंना दाखवायचं का?" त्यांचं म्हणणं होतं आईला सरप्राइज द्यायचं. मला ते छान वाटलं. मी साचा काढला, माती खरवडली.

आणि हात. हात मी फोटोवरून केलेच नाहीत, कारण एकाही फोटोत हात धड दिसत नव्हते. माझ्याकडे हातांचे तयार साचे आहेत, पुरुषाचे, मांडीवर ठेवलेले. तेच लावले. धंद्यात सगळे हे करतात. चेहऱ्याकडे बघतात लोक, हाताकडे कोण बघतंय.

पोचवायच्या दिवशी इंटिरियर डिझायनर होत्या, दादा, वहिनी, त्यांची लहान मुलगी. खुर्ची आधीच ठेवलेली, वरून एक छोटा लाइट. डिझायनर मॅडम म्हणाल्या, हा आपला फोकल पॉइंट. आम्ही बाबांना खुर्चीत बसवलं, चादर काढली आणि आतून आईंना बोलावलं.

त्या आल्या. किंचाळणं, रडणं काही नाही. बराच वेळ बघितलं. मग जवळ जाऊन उजव्या हाताला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे हात कुणाचे आहेत?"

मला उत्तर देता येईना.

"त्यांचा उजवा हात काळा होता," त्या म्हणाल्या. "कोपरापासून खाली. खिडकीतनं ऊन लागायचं ना. डावा गोरा आणि उजवा काळा. तीस वर्षं मी बघितलाय."

विचार करा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, खिडकी उजवीकडे, ड्रायव्हरचा उजवा हात दिवसभर उन्हात. मी कितीदा एसटीनं गेलोय, कितीदा पुढच्या सीटवर बसलोय. मला हे कधी दिसलं नव्हतं. मी गाडीतनं रंगाचा डबा आणला आणि तिथंच, त्या चकचकीत दिवाणखान्यात, फरशीवर पेपर पसरून उजवा हात दोन छटा गडद केला. आकार काही बदलता आला नाही. बोटं माझ्या साच्यातल्या माणसाचीच राहिली. आई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "अजून जरा. बाहीच्या आत नको, तिथं गोराच होता."

निघताना मी दादांना नेहमीच्या सूचना दिल्या. तुम्हालाही सांगून ठेवतो, कोणी विकत घेणार असाल तर. पुतळा उलटा करून आतून बघा. काचेचे पांढरे तंतू सुटलेले दिसले, बोट लावल्यावर चिकट लागलं किंवा रेझिनचा उग्र वास येत राहिला, तर काम कच्चं आहे. उभा पुतळा असेल तर तळाला वजन भरून घ्या, जमलं तर बोल्ट मारून घ्या. हलका असतो, लहान मूल लोंबकळलं की अंगावर येतो. थेट उन्हात ठेवू नका, पिवळट पडतो. पुसायला थिनर अजिबात नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर दिवा, उदबत्ती ठेवू नका. साधं पॉलिएस्टर रेझिन पेटतं आणि पेटलं की काळा जाड धूर होतो.

दादा म्हणाले, दिवा कशाला लावतोय, देव थोडाच आहे.

पहिल्या पुण्यतिथीला हार घातला गेला आणि समोर समई लागली. वहिनींनी मला फोटो पाठवला, विचारलं, एवढं अंतर पुरे ना? मी म्हटलं, अजून तीन फूट मागे घ्या. तेव्हाच मला वाटलं, हे आता शोभेचं राहिलं नाही. हार घातला की आपल्याकडे वस्तू बदलते. मग पुढचं सगळं होत गेलं. आलेले पाहुणे चपला लांब काढायचे आणि आवाज बारीक करायचे. कामाला येणाऱ्या मावशी संध्याकाळी त्या बाजूला झाडायला जाईनात. मुलीच्या मैत्रिणी सेल्फी काढायच्या, त्यावरून एकदा घरात भांडण झालं. टीव्हीवर क्रिकेट लावायचं तर बाबांकडे पाठ होते. ज्या खोलीत सगळ्यांनी बसायचं, त्या खोलीत कोणी बसेना.

आणि आई. त्या रात्री पाणी प्यायला उठायच्या. स्वयंपाकघरात जायचं तर दिवाणखान्यातून जायला लागतं. त्यांनी दादांना काही सांगितलं नाही. उशाशी तांब्या ठेवायला लागल्या. तांब्या का, हे कळायला घरात कुणाला महिना लागला.

दिवाळीनंतर दादांचा फोन आला. "तुम्ही घेऊन जाता का? पैसे परत नकोत." आवाज असा होता की मी कारण विचारलं नाही. ते मला नंतर वहिनींकडून कळलं.

तर बाबा परत आले. आता माझी अडचण सांगतो.

शाडूची मूर्ती असती तर पाण्यात विरघळली असती. पितळेची असती तर वितळवून समई केली असती, घंटा केली असती. लाकूड कुजतं तरी. पण रेझिन एकदा घट्ट झालं की झालं. ते परत वितळत नाही. तापवलं तर जळतं, आणि तो धूर कुणाच्याही नाकात जाऊ नये. तोडलं तर काचेचे तंतू उडतात. भंगारवाल्याला विचारलं, त्यानं नुसती मान हलवली. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत ना, त्यांची पाती याच जातीच्या मालाची. जुनी झालेली पाती टाकायची कुठे, हा प्रश्न जगभर पडलाय. माझ्याकडे त्याचाच साडेपाच फुटी अवतार आहे, खाकी शर्टातला.

आणि समजा तोडता आला असता, तरी करवत कोण लावणार? मामांना मी एकदा सहज म्हटलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

मामांचं आलंय म्हणून सांगतो. ते माझ्याआधीपासून या कामात आहेत, दुसऱ्यांकडे होते. घासकाम करताना ती बारीक धूळ उडते, अंगाला खाज सुटते, रेझिनच्या वासानं डोकं जड होतं. जुन्या लोकांनी तोंडाला नुसता रुमाल बांधून आयुष्य काढलं. नीकी द सां फाल या फ्रेंच-अमेरिकन कलावतीनं मोठमोठ्या, रंगीत, नाचणाऱ्या बायकांचे पुतळे केले, 'नाना' म्हणतात त्यांना. जगभर गाजले. पॉलिएस्टरच्या वाफा आणि धुळीनं तिची फुप्फुसं कायमची बिघडली, २००२ साली ती गेली. मी मामांना तिची गोष्ट सांगितली, फोटो दाखवले. मामा म्हणाले, बाया झकास आहेत. आता कार्ट्रिजवाला मास्क लावतात, पण मी समोर असलो तरच. हा भाग ते ऐकणार नाहीत, म्हणून बोलतोय.

नवीन कामात मी दोन गोष्टी बदलल्या. माती तयार झाली की घरातल्या सगळ्यांना बोलावतो. सरप्राइज असेल तर काम घेत नाही. आणि हात विचारतो. फोटो नसेल तर विचारतो, काय काम करायचे, अंगठी कुठल्या बोटात होती, नखं कशी कापायचे. लोक आधी गोंधळतात, मग बोलायला लागतात आणि थांबत नाहीत. दोन गिऱ्हाइकं असं बोलता बोलता म्हणाली, जाऊ दे, पुतळा नको. माझं नुकसान झालं. पण पोटमाळ्यावर आता जागाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दारात आई उभ्या. एकट्या. एसटीनं आल्या होत्या, हाफ तिकिटात. घरी सांगून आला होतात का विचारलं तर म्हणाल्या, "देवीला जाते म्हणून आलेय. देवी पण करणार आहे नंतर."

बाबांना खाली उतरवलं. चादर काढली. त्यांनी पदरानं उजवा हात पुसला. मग आमच्या पोरांकडे, साच्यांकडे, अर्धवट बुद्धांकडे बघत बसल्या. मामांनी चहा आणला. म्हणाल्या, "इथं बरं आहे. इथं दिवसभर माणसं कामाला असतात. ते डेपोत असेच बसायचे, गाडी लागेपर्यंत."

जाताना त्यांनी एक गोष्ट मागितली. खुर्ची. पुतळा परत आणला तेव्हा खुर्चीही सोबत आली होती, ती लाकडी, हाताची. त्यांना ती गॅलरीत ठेवायची होती, स्वतः बसायला. मी टेम्पो करून पाठवली. बाबा आता रेझिनच्या रिकाम्या ड्रमवर बसतात, दाराजवळ. पोटमाळ्यावर परत चढवायचं राहूनच गेलं.